धनुर्वात नव्हता, काटाही नव्हता

"याला धनुर्वात नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "धनुर्वाताच्या पेशंटला तोंड उघडता येत नाही. हा तर मघापासून जांभया देतोय."

मी खाटेच्या पायथ्याशी पेजेचा डबा धरून उभी होते. खाटेवर माझा धाकटा भाऊ भालचंद्र, घरातला भाल्या. त्याला आदल्या दिवशीच दाखल केलं होतं. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत सुजलेला. सकाळपासून पोटात मुरडा येत होता, पाय आपोआप झाडले जात होते, अंगाला घाम सुटला होता. त्याला माशाचा काटा लागलाय असं आम्ही सांगितलेलं, त्यामुळे शिकाऊ डॉक्टरांना धनुर्वाताची शंका आली. अशा पेशंटला उजेड आणि आवाज सोसत नाही, म्हणून त्याला अंधाऱ्या खोलीत हलवायची तयारी चालली होती. तेवढ्यात राउंड आला.

मला आधी आनंदच झाला. धनुर्वात नाही म्हणजे सुटलो, असं वाटून मी मनातल्या मनात आई एकवीरेला नारळ बोलून टाकला.

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, तुमचा भाऊ गर्द घेतो का? ब्राउन शुगर?"

"छे हो," मी म्हणाले. "तो पाग घेऊन खाडीत जातो."

पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. खाडीत जाळं टाकणारा मुलगा गर्द घेऊच शकत नाही, हे शास्त्र मी कुठून शिकले होते देव जाणे. डॉक्टर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय झाडणं. याला विथड्रॉवल म्हणतात. शरीराला ज्याची सवय लागलीय ते एकदम मिळेनासं झालं की असं होतं. आणि हा हात काट्याने सुजलेला नाही. सुईने सुजलाय."

शेजारच्या खाटेवरचा एक पेशंट आपणहून म्हणाला, "टर्की लागी है उसको, दीदी." वॉर्डातल्या पेशंटला दिसत होतं ते मला दिसलं नव्हतं. पुढे कळलं, या त्रासाला बाहेर टर्कीच म्हणतात.

हे सगळं मी आता लिहितेय, कारण अजूनही एखाद्या घरी कुणाचा तरी हात सुजलेला असेल आणि घरचे काहीतरी वेगळंच समजून बसले असतील. त्यांना आमची गोष्ट उपयोगी पडली तर पडो.

आमचं माहेर राईचं. भाईंदरच्या पश्चिमेला, खाडीकाठचं जुनं गाव. आबांची, म्हणजे वडिलांची, थोडी भातशेती, बाकी खाडी. मी शिकून प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, लग्न करून भाईंदरला ब्लॉकमध्ये राहायला गेले. हा नव्वद सालानंतरचा काळ. जिथे तिथे भराव पडत होता आणि रोज एक नवी इमारत उभी राहत होती. भाल्याला शेतीतही रस नव्हता आणि शाळेतही. तो हाटकेशच्या एका कारखान्याचा टेम्पो चालवायचा. माल घेऊन घोडबंदर रोडने ठाण्याला जायचा. वरसाव्याच्या पुलाअलीकडे ट्रक खोळंबले की ड्रायव्हर लोकांच्यात तासन् तास बसायचा. तिथेच कुणीतरी त्याला आधी चांदीच्या कागदावर गर्द जाळून धूर ओढायला शिकवलं आणि मग सुईवर आणलं. हे अर्थात आम्हाला फार नंतर कळलं.

तेव्हा दिसत होतं ते इतकंच की पोरगा बारीक झालाय आणि भर वैशाखात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतोय. आईला त्याचं कौतुक. "कसा सायबासारका दिसतंय माजा भाल्या." आम्ही घामाने निथळत असायचो आणि साहेब मनगटाची बटणं लावून भात जेवायचे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. आमच्याकडे तांबडं फुटलं, तरी आम्ही त्याला भलतंच नाव दिलं.

एका रविवारी त्याने हात दाखवला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला सुपारीएवढी गाठ, लाल आणि गरम. "शिंगाल्याचा काटा लागला," म्हणाला.

शिंगाळा हा खाडीतला मिशावाला मासा. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या पंखांत करवतीसारखे काटे असतात. जाळ्यातून सोडवताना हाताला लागला की ठणका मेंदूपर्यंत जातो. राईत असा माणूस सापडणार नाही ज्याला शिंगाळ्याने प्रसाद दिलेला नाही. त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. उलट ज्याने त्याने आपापल्या काट्याची कथा सांगितली. कुणी ऊन पाण्यात हात बुडवायला सांगितलं, कुणी हळद-तेल, कुणी भाजलेला कांदा बांधायला. आईने सगळंच केलं. दुसऱ्या गावात असला खोटेपणा पहिल्या दिवशी उघडा पडला असता. आमच्या गावात त्याच्यावर कांदा बांधला गेला.

कांद्याने गाठ मऊ पडली, पण सूज वर सरकली. ताप आला. भाईंदरच्या गुजराती डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "देखो बेन, कल तक सूजन नहीं उतरी तो बडे हॉस्पिटल ले जाओ. घर पे मत बैठो." सूज उतरली नाही. उलट मनगटापाशी कातडीवर एक निळसर काळा डाग उठला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला बोरिवलीच्या पुढच्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. आणि तिथे मी वर सांगितलेला राउंड आला.

डॉक्टरांनी भाल्याला माझ्यासमोरच विचारलं. भाल्याने भिंतीकडे तोंड केलं. "काटा लागलाय," एवढंच पुन्हा पुन्हा.

डॉक्टर स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. "हे बघ, मी पोलिस नाही. कोणाला कळवणार नाही. मला फक्त तुझा हात वाचवायचाय. तू जिथे जिथे टोचून घेतलंस, तिथे तिथे आत पू असू शकतो. वरून दिसतो तेवढाच असेल असं नाही. नीट सांगितलंस तर मी तिथेच उघडेन."

भाल्याने चादर तोंडावर ओढली. दाखल केलं त्याच रात्री मनगटाजवळचा पू काढून टाकला होता, तरी ताप हटत नव्हता. डॉक्टर बाहेर आले आणि मला सगळं नीट समजावून सांगितलं. त्यातले शब्द मी इथे देते, कारण ते शब्द तेव्हा कुणीतरी आधी सांगितले असते तर बरं झालं असतं असं मला फार वाटलं.

ॲब्सेस म्हणजे गळू, कातडीखाली साठलेला पू. सेल्युलायटिस म्हणजे कातडीखालच्या थरात जंतू पसरत जाणं. कातडी लाल, गरम आणि ताणलेली दिसते, आणि लाली रोज थोडी थोडी पुढे सरकते. नेक्रोसिस म्हणजे मांस मरणं. तो काळा डाग. अस्वच्छ किंवा दुसऱ्याची वापरलेली सुई, पदार्थातली भेसळ, आणि शीर चुकून सगळं मांसातच जाणं, यातून हे होतं. "आत कुठेतरी खोल अजून एक जागा आहे," डॉक्टर म्हणाले. "ती सापडली नाही आणि हे काळं कोपराच्या वर गेलं, तर हात ठेवता येणार नाही. मग जीव वाचवायला हात काढावा लागेल."

त्यांनी पेनाने कोपराच्या खाली, लालीच्या कडेपासून बोटभर वर एक रेघ ओढली. ही रेघ ओलांडली का ते आम्ही बघत राहायचं. त्या रेघेकडे मी जेवढं बघितलं तेवढं आयुष्यात कशाकडे बघितलं नसेल.

संध्याकाळी राईला जाऊन आबांना सांगितलं. मला वाटलं होतं आबा खचतील. आबा भडकले. पण भाल्यावर नाही, डॉक्टरवर.

"त्या डाक्टरानं खारी बगितली हाय का कवा? शिंगाला म्हंजे काय त्याला म्हाईत हाय का?" खाडीला आमच्याकडे खारी म्हणतात. "गर्द म्हनं! माज्या पोराला काटाच लागलाय."

"आबा, डॉक्टर शिकलेले आहेत," मी म्हणाले.

"मी पन खारीत शिकलोय."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. आबांचा मान सगळा त्या खाडीत होता. भरती कधी, वारा कुठला, कोणता मासा कुठल्या चिखलात, हे गावात त्यांना विचारायचे. शिंगाळ्याच्या काट्याबद्दल कुणी शहरातल्या माणसाने त्यांना चूक म्हणावं, हे त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही आबांचंच खरं असावं असं वाटत होतं. मी रात्रभर तीच प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला आबा वॉर्डात आले ते हातात वर्तमानपत्राची पुडी घेऊन. सकाळी खास पाग घेऊन खाडीत उतरले होते. शिंगाळा मारला, त्याचा काटा मुळापासून तोडला, धुतला आणि पुराव्याला घेऊन आले. वॉर्डात नुसता वास. सिस्टरने नाकाला रुमाल लावला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

आबांनी डॉक्टरांच्या टेबलावर पुडी उघडली. "हा बगा. ह्यो लागलाय त्याला."

डॉक्टरांचं मी आजही कौतुक करते. त्यांनी पुडी बाजूला सारली नाही. काटा हातात घेतला, बोटाने त्याचे दाते चाचपले. मग आबांना खुर्ची दिली आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला हा कितीदा लागला असेल?"

"हिशेब न्हाय."

"लागला की किती भोकं पडतात?"

"एकच परतं. एक, आनि फाटतं."

"आणि सूज उतरल्यावर?"

"वन ऱ्हातो. एक." वन म्हणजे वण.

डॉक्टर उठले. आबांना भाल्याच्या खाटेपाशी नेलं आणि चादर बाजूला करून त्याचा उजवा हात, चांगला हात, उजेडात धरला. कोपराच्या खळीपासून मनगटापर्यंत बारीक काळपट ठिपके, एकाखाली एक, शिरेच्या रेषेत. शिरा कातडीखाली ताठ झालेल्या. "या हाताला तर काटा लागलेला नाही ना?" डॉक्टर एवढंच म्हणाले.

आबा वाकून बघत राहिले. आपल्या बोटाने ते एकेका ठिपक्यावरून खाली आले. त्यांच्याइतकं काट्याच्या जखमेबद्दल त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. त्यामुळे त्यांना दुसऱ्या कुणी पटवून द्यायची गरज उरली नाही. ते खाली फरशीवरच बसले.

भाल्या रडायला लागला. "आबा, मना न्हाय सांगता आलं."

मला वाटलं आता मार बसतो. आबा थोड्या वेळाने उठले, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "दाव त्यांना. कुठं कुठं टोचलंस ते बोटान दाव."

भाल्याने उजव्या हाताच्या बोटाने दाखवलं. मनगटाच्या वर, ही एक. मागच्या बाजूला, ही दुसरी. आणि कोपराखाली, आतल्या बाजूला, जिथे वरून फक्त थोडी सूज होती, तिथे बोट टेकवून तो म्हणाला, "हितं शीर गावली न्हाय. आत खोल गेलं सगलं." डॉक्टरांनी पेनाने तिथे फुली मारली. मी बघितलं, लाली त्यांनी ओढलेल्या रेघेला टेकली होती.

तासाभरात त्याला थिएटरमध्ये नेलं.

बाहेरच्या बाकावर आबा आणि मी बसलो. आबा एकदाच बोलले. "हात गेला तं जालं कसा टाकल तो?" गर्दचं त्यांना अजून नीट कळलंच नव्हतं, जाळ्याचं मात्र कळत होतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, दया आली.

डॉक्टर बाहेर आले ते टोपी काढतच. "फुलीच्या खाली होतं. मोठी पिशवी होती पुवाची, थेट स्नायूपर्यंत. तिथे उघडलं नसतं तर उद्या हात काढायलाच घ्यावा लागला असता." मग म्हणाले, "हात अजून आहे. पुढचे दोन-तीन दिवस बघू."

या ऑपरेशनला डिब्राइडमेंट म्हणतात. मेलेलं मांस कापून काढत काढत जिवंत मांसापर्यंत जायचं. जिवंत मांस कापलं की रक्त येतं, त्यामुळे इथे रक्त आलं की डॉक्टर खूश होतात. ते एकदा करून भागलं नाही, पुन्हा करावं लागलं. रोज ड्रेसिंग. युसॉल नावाचं औषधी पाणी असायचं, त्याचा वास ब्लीचिंग पावडरसारखा. जखमेतून जुनी पट्टी ओढताना भाल्या दात आवळायचा. मी पहिल्या दिवशी बघितलं आणि जिन्यात जाऊन बसले. तिसऱ्या दिवसापासून मी सिस्टरला कात्री द्यायला लागले. माणसाला सवय कशाचीही होते, हे आमच्या घराला वेगळं सांगायला नको होतं.

खरी पंचाईत निराळीच झाली. जंतू मारायची औषधं शिरेतून द्यायची होती आणि भाल्याला शिराच उरल्या नव्हत्या. थ्रोम्बोफ्लेबायटिस, म्हणजे शिरेला सूज येऊन आत रक्त गोठतं आणि शीर सुतळीसारखी कडक होते. सिस्टर हातावर टिचक्या मारमारून थकायच्या. ज्याने वर्षभर शिरांना सुया टोचल्या, त्याला औषधाची सुई टोचायला जागा सापडेना. शेवटी पायाच्या घोट्यापाशी लहानसा छेद देऊन शीर उघडी केली आणि तिच्यात नळी घातली. त्याला कट-डाऊन म्हणतात. ती नळी जपायला मी त्याचा पाय मांडीवर घेऊन बसायचे. तो लहान असताना मी त्याला असंच पायांवर घेऊन आंघोळ घालायचे.

टर्कीसाठी मानसोपचार विभागाचे डॉक्टर येऊन गोळ्या लिहून गेले. पहिले चार-पाच दिवस त्याने आम्हाला छळलं. शिव्या दिल्या, घरी न्या म्हणाला, मला "मास्तरीण" म्हणून हिणवलं. मी म्हटलं, मास्तरीणच आहे, बस गप. मग हळूहळू जांभया थांबल्या. एक दिवस त्याने आपण होऊन भूक लागली म्हणून सांगितलं. आईने पाठवलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मी त्याला घास घास भरवली.

मग एचआयव्हीची तपासणी. तेव्हा त्या आजाराचं नाव लोक कुजबुजत घ्यायचे. सुया एकमेकांच्या वापरलेल्या होत्या, त्यामुळे करणं भागच होतं. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टर म्हणाले, लागण झाल्यावर रक्तात दिसायला वेळ लागतो, तीन महिन्यांनी पुन्हा करा. ते तीन महिने कसे गेले ते मी लिहीत नाही. ज्याने अशी वाट पाहिलीय त्याला माहीत आहे. दुसराही निगेटिव्ह आला. मी एकवीरेला बोललेला नारळ फेडला, वर आणखी एक.

जखम भरत आली तेव्हा मांडीची कातडी काढून हातावर लावली. हे स्किन ग्राफ्ट. आम्हाला वाटायचं हात दुखेल. हाताचं राहू दे, मांडीच जास्त दुखली. पाचव्या दिवशी पट्टी उघडताना डॉक्टर, सिस्टर, मी, सगळे वाकून बघत होतो. कातडी धरली होती. गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखी, पण धरलेली. डॉक्टर म्हणाले, "घ्या, ठेवला तुमचा हात." मी त्यांच्या पाया पडायला गेले तर ते दोन पावलं मागे सरले.

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, हे खरं आहे. घरी आल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकेना. मुठीचा व्यायाम सांगितला होता, त्यासाठी मऊ चेंडू. आईने चेंडूबिंडू ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढे तांदळाच्या उकडीची परात ठेवली. "मल." रोज सकाळी भाल्या भाकरीचं पीठ मळायचा. सुरुवातीच्या भाकऱ्या गुरंही खाणार नाहीत अशा होत्या. आम्ही खाल्ल्या. एक बोट सुटलं, करंगळी आजही सरळच राहते.

गावात आईने काट्याचीच गोष्ट चालू ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक बघायला यायचे, नारळपाणी आणायचे, शिंगाळ्याला शिव्या घालायचे. भाल्या मान खाली घालून बसायचा. आबा अशा वेळी उठून मागच्या दाराने निघून जायचे. खोटं बोलायचे नाहीत, खरंही सांगायचे नाहीत. या गोष्टीचा मला फार त्रास व्हायचा. कारण भाल्याच्या वयाची गावात आणखी पोरं होती आणि त्यांच्याही आया होत्या.

भाल्या एकदम सुधारला असं लिहिलं तर ते खोटं होईल. वर्षभराने तो पुन्हा घसरला. फरक इतकाच की या वेळी कुणी हात उजेडात धरायच्या आधी तोच माझ्या दारात आला. "ताय, चल डाक्टरकडं. परत झालंय." मी शाळेला सुट्टी टाकली आणि त्याला मानसोपचार विभागात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "हा आजार आहे, उलटतो. उलटल्यावर आलात, हे चांगलं केलंत." टेम्पो सुटला तो सुटलाच. पुढे तो भाईंदरला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. तिथे ट्रक खोळंबत नाहीत.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांना मी दोनच गोष्टी सांगते. लाल, गरम सूज वर सरकत असेल आणि ताप असेल, तर कांदा, हळद, पोटीस काही बांधत बसू नका आणि गाठ दाबू नका. थेट रुग्णालयात न्या. आणि डॉक्टरला खरं सांगा. लाज नंतर कधीही वाटून घेता येते.

आता शेवटचं.

काही वर्षांनी पावसाळ्यात भाल्याला मलेरिया झाला. ताप इतका की उभं राहवेना. मी आणि आबा त्याला भाईंदरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेलो. खाटा भरलेल्या, म्हणून बाहेरच्या बाकावरच सलाईन लावायचं ठरलं. समोरच्या बाकावर राईची दोन-तीन माणसं, आमची रोजची ओळखीची. सिस्टर नवी, वयाने लहान. तिने त्याच्या हाताला रबरी पट्टा बांधला, टिचक्या मारल्या, एकदा टोचलं. शीर लागली नाही. दुसऱ्यांदा टोचलं. ती बिचारी घाबरून घामाघूम झाली.

भाल्याने डोळे उघडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सिस्टर, त्या शिरा मेल्यात. मी गर्द टोचायचो. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक हाय, ती घ्या. बारीक सुई घ्या."

समोरच्या बाकावरच्या माणसांनी आधी भाल्याकडे बघितलं आणि मग आबांकडे. सिस्टरही सुई हातात धरून आबांकडेच बघत राहिली. मला लाज वाटली नाही. मला माझ्या भावाचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

आबा बाकावरून उठले. भाल्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन सिस्टरपुढे धरला.

"तो म्हनतंय तितंच टोच, बाय," आबा म्हणाले. "त्याच्या हाताचं त्यालाच म्हाईत."

सलाईन पहिल्याच टोचणीत लागलं.